मैदानात उगवलेला धान

कुडवा गावाकडच्या मैदानाचं गवत कापून घेणं, पट्ट्या आखणं, रोलर फिरवून घेणं, हे माझं काम. लोक हसतात, 'गवताचे साहेब' म्हणतात. म्हणू देत. पण त्या उन्हाळ्यात त्या मैदानापायी मी जितका रडकुंडीला आलो, तितका घरातल्या कुठल्या दुखण्यापायीही आलो नव्हतो.

रोज पहाटे एक पोरगी तिथं धावायला यायची. पोलीस भरतीची तयारी. बाप दुसऱ्याचं शेत ठेक्यानं घेऊन धान करणारा, आणि तिचं भरतीचं वय संपत आलेलं, म्हणजे हीच शेवटची संधी. आठशे मीटर ती जेमतेम वेळेत काढायची. तिच्यासाठी मी कडेची एक पट्टी जिवापाड राखली होती. गवत बारीक, माती मऊ, खडा म्हणून सापडायचा नाही. "काकाजी, इथं पाय नाही दुखत जी," म्हणायची. मला तेवढंच पुरायचं.

मग वरून फर्मान आलं: गोदामं भरली, सरकारी खरेदीचा धान मैदानावर ठेवा. मी म्हटलं, अहो, पोरं धावतात तिथं! "पोरं कुठंही धावतील," असं उत्तर मिळालं. ट्रकामागं ट्रक आले, पोत्यांच्या थप्प्या लागल्या, माझ्या पट्टीवर चाकांच्या खोल चऱ्या पडल्या. पोरगी डांबरी रस्त्याच्या कडेनं धावू लागली. थोड्याच दिवसांत तिच्या नडग्या ठणकायला लागल्या.

अवकाळी पावसात ताडपत्र्या उडाल्या, पोती फुटली. धान उचलून नेला तोवर भरती तोंडावर आलेली. आणि बघतो तर काय, सांडलेला धान उगवून अख्खी पट्टी हिरवीगार! शेतात असता तर डोळे निवले असते. तिथं बघून माझं डोकंच फिरलं.

त्यात गवत कापणारा मशीनवाला जागचा हलेना.

"चालव ना मशीन," मी ओरडलो. "काऊन उभा आहेस?"

"धानावर नाही चालवत जी मी. आमच्या घरी यालेच हात जोडते."

"अरे, शेत आहे का हे? मैदान आहे!"

"मंग तुमीच चालवा," म्हणाला आणि निघून गेला तो परत आलाच नाही.

नवा धान आला की माझ्याही घरी हळदकुंकू वाहतात. मशीनवाल्याला, वरच्या साहेबांना, स्वतःला शिव्या घालत मीच मशीन ओढलं. ती कोवळी रोपं कापून काढली. खाली चऱ्या होत्याच. साहेबांकडं रोलर मागितला. "बघू." पुन्हा मागितला. "बघू ना, घाई कायले करता?" घाई म्हणे! शेवटी फावड्यानं माती ओढून चऱ्या भरल्या, पण पाय पडला की माती दबायची. पोरीनं एकदा धावून बघितलं, घोटा मुरगळता मुरगळता वाचला. "राहू द्या काकाजी," म्हणाली आणि परत डांबरावर गेली.

भरतीत शेवटच्या वळणावर तिच्या पायांनी दगा दिला. थोडक्यात हुकली.

आणि रोलर? आला ना! कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे क्रिकेट सामने ठरले, तसा एका दिवसात आला आणि मैदान परातीसारखं सपाट करून गेला.

काही दिवसांनी पोरगी आली. वाटलं, आता चार शब्द सुनावेल. ऐकून घेतले असते मी. पण ती खाली बघत म्हणाली, "काकाजी, तुमच्याकडे गवत कापाले बाई चालते का?"

मशीनवाल्याची जागा रिकामीच होती. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

आता ती पट्टी तीच कापते. पहाटे नव्या पोरी भरतीसाठी धावायला येतात. त्या जवळ आल्या की ती मशीन बंद करते, बाजूला सरते आणि ओरडते, "धावा गं, दम नका सोडू!" मी तेवढ्यात मैदानाकडेच्या अवजारांच्या खोलीत जाऊन बसतो. मला ते बघवत नाही.