‘सुकोशी’ म्हणजे थोडी

प्रमोद गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, “कशाने?” हार्ट, असं त्या म्हणाल्या, आणि मला, सांगायची लाज वाटते, जरा हायसं वाटलं. स्वादुपिंडाने गेला नव्हता...

माझा स्वभाव मुळातच संशयी. कंपनीने आम्हा दोघांना पुण्याहून जपानला पाठवलं तेव्हा हिगाशी-कसाईत एकाच इमारतीत राहायचो. वहिनी मुलांच्या शाळेसाठी पुण्यातच राहिल्या होत्या. मला जपानी बऱ्यापैकी यायचं, त्याला जेमतेम. ऑफिसच्या पार्ट्यांत प्रमोदच्या हातात कायम बर्फ घातलेलं तपकिरी काहीतरी असे. “ऊलाँग चहा आहे रे,” तो म्हणायचा. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, ताकाला जाऊन भांडं लपवतोय!

मग त्याचं पोट दुखायला लागलं. पाठीपर्यंत कळ जायची, सरळ बसवायचं नाही. दुभाषा म्हणून मी हॉस्पिटलात गेलो. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे; दारू घेता का?

“कधीच नाही, सांग त्यांना,” प्रमोद म्हणाला.

मी सांगितलं, “सुकोशी.” थोडी. खरं कळलं तर इलाज नीट होईल, अशी मी माझी समजूत घातली. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “सुकोशी म्हणजे काय रे?” “थोडं थांबा,” मी ठोकून दिलं.

पुढे दर खेपेला डॉक्टर त्याला दारूवरून बोलायचे, आणि तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघायचा. दुखणं तिसऱ्यांदा उलटलं तेव्हा एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्मवरच्या दोन पांढऱ्या रेघा दाखवल्या. स्वादुपिंडातल्या या नळ्या जन्माआधीच एकमेकींना जुळायला हव्या होत्या, त्या जुळल्याच नव्हत्या. रस तुंबून सूज येत असावी. दारूने असं होत नाही, म्हणाले. हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं. “बघ,” प्रमोद एवढंच म्हणाला.

त्यानंतर हॉस्पिटलात तो एकटाच जायला लागला. त्याला कळलं असेल का, हा किडा इतकी वर्षं माझ्या डोक्यात वळवळत राहिला. पुण्याला परतल्यावरही त्याच्याकडे गेलो की चहा तोच करायचा, माझ्यासाठी साखर कमी घालून. विचारायचा धीर कधी झाला नाही...

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी त्याच्या पाकिटातली घड्यांवर विरलेली चिठ्ठी पुढे केली. “भावजी, तुम्हाला जपानी येतं ना? काय लिहिलंय हे?”

त्याच्या अक्षरात, देवनागरीत होतं : ‘ओसाके वा सुकोशी मो नोमिमासेन.’

“दारू मी थोडीसुद्धा घेत नाही,” मी सांगितलं.

“ते तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग हे जपून कशाला ठेवायचं? कोणाला खरं वाटत नव्हतं?”

“मला,” मी म्हणालो.