आवडाबाईचे खड्डे

नगरपालिकेची कचरागाडी ओढणारी आवडाबाई भांडकुदळ होती, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. होती भांडकुदळ! बरं झालं होती.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. मुरुडच्या अलीकडच्या आमच्या लहानशा नगरपालिकेत मी कारकून होतो. आवडाबाई सकाळी गावभरचा कचरा गोळा करून खाडीकाठी न्यायची. फुटक्या बाटल्या, डबे वेगळे काढायची. उरलेला पालापाचोळा, भाजीची देठं, मासळीची आतडी खड्ड्यात, वर मातीचा थर. चार महिन्यांत काळंभोर खत तयार. गावातल्या नारळीच्या वाड्या त्यावरच पोसल्या जायच्या.

मग एका शेठनं खाडीकाठी बंगला बांधला आणि त्याला वास यायला लागला! हुकूम तयार झाला: खड्डे बुजवा, कचरा कोळीवाड्यापुढच्या पुळणीच्या वाळूवर ओता. तो मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. मुख्याधिकारी साहेबांची सही तेवढी बाकी होती.

आवडाबाई चवताळली. "तिथं कोळणींचे बोंबील वाळतात! न्हाय ओतायची. काढा कामावरनं!"

नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं. नोकरी गेली असती तर चूल पेटली नसती. तरी बाई हटली नाही.

शेवटी साहेब स्वतः खड्डे बघायला आले. नाकाला रुमाल, मागे फाईल घेऊन मी. कोळीवाड्यातली चंद्राबाईही येऊन उभी राहिली होती.

आवडाबाईनं खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर खत साहेबांपुढे धरलं. "घ्या वास."

साहेबांनी रुमाल काढून हुंगलं. "वास नाही," म्हणाले.

"मग हातात घ्या की."

साहेब दोन पावलं मागे सरले.

"खताला वास न्हाय, मग मागं कशापायी सरलात?"

शिवाशीव कायद्यानं गेली होती, आमच्या हातांतून गेली नव्हती. चंद्राबाई मात्र पुढे झाली. "मला दे गो बाय," म्हणत तिनं ओंजळ धरली.

साहेबांचा चेहरा उतरला. माझ्याकडून हुकूम मागून घेतला, सही न करताच घडी घालून खिशात कोंबला आणि चालू लागले. खड्डे राहिले, बाईची नोकरीही राहिली.

मी साहेबांमागे निघालो, तेव्हा आवडाबाईनं खताचा तोच हात माझ्यापुढे केला. "भाऊ, तुम्ही?"

मी फाईल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.