फायबरमागच्या अक्षता

यंत्राचं आवरण उतरवणं म्हणजे त्याच्या अंतरंगाला सामोरं जाणं, आणि त्यासाठी माणसाच्या अंगी धैर्य लागतं. मुलीच्या मोटारसायकलचं कवच उतरवायला बसताना मी मनात असलं काहीतरी जुळवत होतो. प्रत्यक्षात लागली ती एलन की, म्हणजे स्क्रू काढायची षटकोनी किल्ली. ती घरात सापडेना म्हणून अर्धी सकाळ गेली. शेवटी शिलाई मशीनच्या खणात निघाली.

त्या प्लास्टिकच्या कवचाला कंपनी फेअरिंग म्हणते. जाहिरातीत ते वारा कापत जातं. आमच्या कोल्हापुरात त्याला सगळे फायबर म्हणतात, आणि ते मुख्यतः पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीच्या हँडलला घासतं.

रविवार होता. दुसऱ्या दिवशी मुलगी वारणानगरला एका कॉलेजात शिकवायला रुजू होणार होती. जाणार होती ती याच गाडीनं, स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या. आणि शनिवारी संध्याकाळी गाडी बंद पडली. बटण दाबलं तर काही नाही, हेडलाइटही नाही. ढकलून पाहिली, तेव्हा फक्त मी बंद पडायचा राहिलो. मेकॅनिक रविवारी दुकान उघडत नाही. शोरूमनं बुधवारी या म्हणून सांगितलं.

बायकोला ही गाडी पहिल्या दिवसापासून पटलेली नव्हती. रात्री जेवताना तिनं निकाल दिला.

"उद्या सांजपर्यंत चालू झाली तर जा गाडीनं. न्हाय झाली तर यष्टीचा पास काढायचा आणि ही गाडी इकायची. रोज रोज माझ्या जिवाला घोर नको."

"चालंल," मुलगी म्हणाली. इतक्या पटकन हो म्हणायची सवय तिला आईकडूनच आली आहे.

तर सकाळी गाडी अंगणात, आम्ही दोघं फरशीवर, आणि मध्ये स्वयंपाकघरातला जुना मसाल्याचा डबा. ही मुलीची युक्ती. फायबरचे स्क्रू सगळे सारखे दिसतात पण असत नाहीत. लांब स्क्रू चुकून आखूड जागी बसवला तर आत काहीतरी फोडतो. म्हणून प्रत्येक जागेच्या स्क्रूला वेगळी वाटी. जिऱ्याच्या वाटीत टाकीजवळचे, मोहरीच्या वाटीत खालचे. मला ही व्यवस्था आवडली. माझ्या पुस्तकांच्या कपाटात एवढी शिस्त कधी नव्हती.

शेजारच्यांनी कंपाउंडवरून डोकावून विचारलं, "काय सर, भंगारात घालताय व्हय?"

"न्हाय काका, तुमच्या स्कूटरला जोडतोय," मुलगी मान वर न करता म्हणाली.

स्क्रू निघाले तरी फायबर निघत नाही हे मला ठाऊक नव्हतं. आतल्या बाजूला त्याच्या खुंट्या रबरात रुतलेल्या असतात. मी कडेला धरून ओढायला लागलो.

"पप्पा, थांबा! लॉक तुटलं तर सगळं फायबरच नवीन घ्यावं लागतंय."

तिनं फटीतून बोटं घातली, खुंटीच्या अगदी जवळ नेली आणि आतून हलकेच बाहेर ढकललं. टक् असा आवाज झाला. मग दुसरी खुंटी, तसाच आवाज. मला बढती मिळून बॅटरीचा उजेड धरायचं काम मिळालं.

शेवटची खुंटी सुटली, फायबर तिच्या हातात आलं आणि फरशीवर तांदूळ सांडले.

मूठ-दोन मूठ तरी असतील. हळदीनं पिवळे, काही कुंकवानं लाल. त्यांच्यामागे कापसाचं, वर्तमानपत्राच्या कपट्यांचं एक ऊबदार घरटं, आणि घरट्याशेजारून जाणाऱ्या वायरी कुरतडून तांब्यापर्यंत सोललेल्या. एक तर पार तुटलेली. उंदीर बाहेर गेलेला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे गाड्यांची पूजा होते. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. मी बाजूला उभा राहून पाहतो, कारण त्यातलं मला काही पटत नाही. हार मात्र मीच आणतो. पण एका पूजेच्या अक्षता चिमूटभर असतात. हे धान्य एका दिवसाचं नव्हतं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही एकदमच कळलं, आणि तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"हे काय?"

"उंदरानं आणलं असंल कुठनं तरी," मुलगी म्हणाली.

"उंदीर हळदकुंकू लावून आणतो व्हय?"

तिनं कप कठड्यावर ठेवले. घरटं पाहिलं, तुटलेली वायर पाहिली.

"तू हेल्मेट शोधत आत-बाहेर करत असतीस, तवा टाकत होते," ती म्हणाली. "डोक्यावर टाकायला तू थांबतीस कुठं? गाडीच्या फटीत तरी बसंल म्हटलं." मग वायरीकडे बघून, "म्हंजे माझ्यामुळंच झालं की हे."

"तसं न्हाय गं आई."

"तसंच हाय. मी काय आंधळी हाय?"

त्या क्षणी ती नुसती आत निघून गेली असती तरी जिंकली असती. दुपार कलायला लागली होती. तुटलेल्या वायरीचं दुसरं टोक हेडलाइटच्या मागे खोल गेलं होतं, मुलीचा हात पोचत नव्हता, आणि माझा हात कुठेच पोचत नाही. हेडलाइट काढायचा तर पुढचं सगळं उतरवावं लागणार, आणि मग संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहणार नव्हती. मी बॅटरी धरून होतो.

"सर तिकडं," बायको मुलीला म्हणाली.

ती मांडी घालून बसली. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. अंगठा तळव्यात मुडपून, बोटं जुळवून, बांगड्या भरताना कासारापुढं हात करतात तसा निमुळता केला आणि त्या फटीत मनगटापर्यंत घातला. चेहरा आकाशाकडे. जरा चाचपलं, आणि वायरीचं टोक ओढून बाहेर आणलं.

"हेच का?"

"हेच," मुलगी म्हणाली. तिनं टोक आईच्या हातातून घेतलं.

वायर जोडली, सोललेल्या ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळली. मुलीनं बटण दाबलं. गाडी चालू झाली. बायको दचकून मागे झाली आणि म्हणाली, "बंद कर, चहा गार झाला."

फायबर बसवताना स्क्रू आधी सगळे ढिले लावायचे आणि मग आवळायचे, नाहीतर शेवटच्याला भोकच सापडत नाही. मुलगी वाट्यांतून स्क्रू घेत होती. खुंट्या रबरात बसवायला बायकोनं भाकरी थापावी तसा तळवा टेकवला. टक्. टक्.

"उद्यापासनं डोक्यावर टाक," मुलगी म्हणाली. "हेल्मेट घालायच्या आधी थांबते मी."

"थांबशील व्हय तू?"

"थांबते की."

सोमवारी ती थांबली. मान खाली घालून, केस नीट बांधलेले, आईचा हात डोक्यावरून उतरेपर्यंत. मग हेल्मेट घातलं आणि वारणानगरला गेली. गेटशी बायको बराच वेळ उभी होती. मी तिच्या मागे उभा होतो, हे तिला ठाऊक होतं.

फायबर बसवायच्या आधीच त्याच्या मागे तिनं एक पुरचुंडी बांधून ठेवली होती. जुन्या साडीचा तुकडा, वरून हळदकुंकू, आत डांबरगोळ्या. उंदीर पुन्हा आला नाही. गाडीला मात्र आमच्या लोखंडी कपाटाचा वास येतो.