वाचायचा नंबर

सरलाताई कोलकात्यात डमडमच्या एका शाळेत सतरा वर्षं गणित शिकवतात. यजमान श्यामकांत बँकेतून निवृत्त झाले, तरी दोघं पुण्याला परतली नाहीत. ताईंचं बोलणं फटकळ. स्टाफरूममध्ये त्यांना फारसं कुणी विचारत नाही आणि त्यांचंही त्यावाचून काही अडत नाही.

माझी ऋता सहावीत त्यांच्या वर्गात आली. तिची ही तिसरी शाळा. तिच्या बाबांची कस्टम्समधली नोकरी, विशाखापट्टणमहून खिदिरपूरला बदली झालेली. दोन महिन्यांत पाच तक्रारी. बांगलाच्या तासाला मांजराचे आवाज काढते, पुढचीची वेणी बाकाला बांधते. शेवटी बडदींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. मुलीला काढून न्या, असं पत्र तयारच होतं. वर्गशिक्षिका म्हणून सरलाताईंची सही तेवढी राहिली होती. मी शरमेनं खाली बघत बसले.

"सही करणार नाही," सरलाताई म्हणाल्या. "आठवडाभर मी वर्गात मागे बसले. धडा बाकाबाकानं वाचून घेतात. हिचा नंबर दोन बाकांवर आला की हिची मस्ती सुरू. मग हिला बाहेर काढतात, वाचन टळतं. गणिताला ही पोरगी हूं की चूं करत नाही."

"वाचायला काय एवढं कठीण आहे?" तिथेच बसलेल्या बांगलाच्या बाई चिडल्या.

सरलाताईंनी त्यांच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि उभ्यानं वाचायला लागल्या. एकेक अक्षर चाचपत, जोडाक्षराला अडखळत. इतकी वर्षं त्या बांगला फडाफडा बोलतात. धड वाचता येत नाही, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. बाईंना हसू आवरेना. बडदींनीही तोंडाला पदर लावला. ताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तरी त्यांनी परिच्छेद पुरा केला.

"तुम्ही दोघीच हसलात. तिच्यापुढे चाळीस जणी असतात. काढायचंच तर आधी मला काढा." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अहो, मान कशाला खाली घालता? द्वाड म्हटलेलं पोरांना चालतं. ढ म्हटलेलं नाही चालत."

बडदींनी पत्र मागे घेतलं. ऋताला वर्षभर मोठ्यानं वाचायला लावायचं नाही, हेही ताईंनी तिथल्या तिथे लिहून घेतलं.

फाटकाबाहेर मी ऋताला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना सांगतेस ना, आमच्या ऋताला कुठलीही भाषा महिन्यात येते म्हणून."