ढब्बूची कंबर

शिवणकाकूंच्या मापवहीत अर्ध्या पेठेच्या कमरा लिहिलेल्या होत्या. त्यात चार पायांचं गिऱ्हाईक एकच, त्यांचा कुत्रा ढब्बू. कंबर एकतीस.

हे माप ऐकून जनावरांच्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "चार किलो उतरवायला हवेत," त्या म्हणाल्या. "बिस्किटं बंद. त्याऐवजी गाजर, फरसबी, लाल भोपळा. वाफवून, बारीक चिरून. मीठ-तेल-मसाला काही नको. एका वेळी एकच नवी भाजी द्या, म्हणजे पोट बिघडलं तर कशानं ते कळेल. आणि तीही थोडीच, पोटभर नाही. कांदा-लसूण मात्र कच्चा, शिजवलेला, कसलाच नाही. त्याला ते विषच समजा."

घरी ढब्बूनं गाजराचा तुकडा तोंडात घेतला, जरा विचार केला आणि सासूबाईंच्या चपलेत नेऊन ठेवला.

मग काकूंनी शक्कल लढवली. स्वतःच बशी घेऊन बसल्या आणि अळणी फरसबी मिटक्या मारत खाऊ लागल्या. दुसऱ्याच्या ताटातलं ते गोड, हा नियम कुत्र्यांनाही लागू आहे. ढब्बूची लाळ गळायला लागली. आठवडाभरात तो गाजर-भोपळाही खाऊ लागला.

तीन आठवड्यांनी टेप लावली. साडेएकतीस! टेप आटली असेल म्हणून काकूंनी नवऱ्याची कंबर मोजली. ती जिथल्या तिथे होती.

त्याच दुपारी दोरा आणायला म्हणून त्या मशीनवरून उठल्या, तर स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "खा रे सोन्या. हिनं नुसता पाला खायला घालून वाळवलाय तुला."

ढब्बूसमोर ऑम्लेट होतं. कांदा घातलेलं. निम्मं गेलं होतं पोटात.

काकूंनी बशी ओढली. "आई, कांदा!"

"अगं, कांदाच तर आहे. ऐंशी वर्षं खातेय मी."

"तुम्ही कुत्रा नाही आहात, आई!"

कांदा कुत्र्याला विष असतो, हे काकूंनी एका दमात सांगितलं. ते ऐकून सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पदर खोचून दवाखान्यात आधी त्याच शिरल्या. डॉक्टरीणबाईंनी ढब्बूला ओकारी करवली आणि बजावलं, "वेळेवर आणलंत. तरी आठवडाभर लक्ष ठेवा. हिरड्या फिक्या दिसल्या, लघवी गडद झाली किंवा तो मलूल वाटला, तर लगेच आणा."

आठवडाभर सासूबाई तासातासाला चष्मा लावून ढब्बूचा ओठ वर करून बघत. आठव्या दिवशी ढब्बूनं ओठ स्वतःच वर केला आणि गुरगुरला. "बरा आहे मेला," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले.

तेव्हापासून भाजी त्याच चिरतात, नखाएवढे तुकडे करून. दोन महिन्यांत कंबर अठ्ठावीसवर आली. दाराशी पहाराही त्यांचाच असतो. परवा एक गिऱ्हाईक बाई बाह्यांचं माप द्यायला आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं.

"उघड मूठ," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, एकच बिस्किट..."

"आण इकडे."

बिस्किट जप्त झालं. सासूबाईंनी ते चहात बुडवलं आणि ढब्बूच्या डोळ्यांदेखत खाऊन टाकलं.