आंब्याच्या खोडावरचा पूल

आमच्या द्राक्षबागेच्या कडेला एक आंबा आहे आणि त्याला मीच मारायला निघाले होते. प्रेमानं! हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी बोलायला नको.

वणीच्या रस्त्याला आमची बाग. आंब्याची सावली कडेच्या दोन ओळींवर पडते, तिथलं दव लवकर सुकत नाही, मग पानांवर डावणी रोग पहिला तिथंच येतो. त्यात आंबा धरतही नाही. पप्पा म्हणाले, "यंदा मोहोर नाही आला तर एप्रिलच्या छाटणीला काढून टाकू."

मी अख्खी बारावी त्या झाडाखाली वाचलीये. काढून टाकू काय, काढून टाकू!

डिसेंबरात बागेत गर्डलिंग चाललेलं. म्हणजे वेलीच्या खोडावरून सुरी गोल फिरवायची आणि सुतळीएवढी सालीची पट्टी काढायची. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं. ते वर अडकलं की मणी फुगतात. महिनाभरात जखम भरते. माझी ट्यूब पेटली. आंब्यालाही करू की! वेल मनगटाएवढी, तिला सुतळीएवढी पट्टी; आंब्याचं खोड मांडीएवढं, म्हणून मी चार बोटं रुंद काढली. पूर्ण गोल, एकदम साफ. स्टेटसला फोटोपण टाकला.

आठवड्यानं बागेत कामाला आलेली मावशी त्या झाडाखाली भाकरी खायला बसली. ती पेठकडची, दरवर्षी येते.

"ह्ये कोन केलं?"

"मी."

"काय राग व्हता झाडाव?"

"राग नाही हो, मोहोर यावा म्हणून..."

"पोरी, वेलीला चिमटा काढत्यात. तू गळा कापलास. येवढी फट बुजायची नाय. मुळं उपाशी मरतील."

पप्पांना सांगितलं तर ते हसले. "चला, माझं काम तूच केलंस!"

तिथं माझं डोकं फिरलं. मी मावशीच्या मागेच लागले. तिच्या गावाकडे शेळ्या आंब्याची साल खातात, तेव्हा अन्न खाली उतरायला पूल घालतात म्हणे. त्याच झाडाच्या पेन्सिलएवढ्या चार काड्या घेतल्या. दोन्ही टोकं तासली. एक टोक जखमेच्या खालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत खुपसलं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधलं. दोन तिनं लावल्या, दोन मी.

मग रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी बघायचे. आणि काय सांगू, दिसतं हो! जखमेची वरची कड ओठासारखी फुगत आली. खालची मात्र तशीच, कोरडी. झाड जखम आतून भरत नाहीच मुळी, उघडं लाकूड तसंच राहतं, त्याच्यावर साल कडेनं सरकत येते. माझ्या दोन्ही काड्या काळ्या पडल्या. एक तर मी उलटी लावली होती, कोंबाचे डोळे जमिनीकडे! मावशीची एक वाळली. उरली एक.

आणि जानेवारीत मोहोर आला! झाडभर! मी पप्पांना ओढतच घेऊन गेले. "आला की नाही? बोला आता!"

पप्पा काही बोलायच्या आधी मावशी म्हणाली, "मरताना झाड असंच फुलतं. काढून टाक समदा. फळ धरलं तर हाये त्येवढा जीवपण त्यातच जाईल."

मोहोर आला तरच झाड राहणार होतं. आणि मोहोर ठेवला तर झाड जाणार होतं.

मी शिडी लावली. पप्पा खाली उभे. "वेडी झालीस का? आलेला मोहोर कुणी तोडतं?" मी तोडत राहिले. दोन दिवस लागले, हात चिकानं काळे झाले, केसांत मोहोर, घरात सगळ्यांना शिंका.

एप्रिलमध्ये पप्पा करवतवाल्याला घेऊन आले. मी खोडाला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो. मोहोर तूच तोडलास ना?"

"आधी हे बघा."

त्यांनी त्या उरलेल्या काडीवर नख मारलं. हिरवी! काडी कसली, चांगली बोटाएवढी झाली होती, आणि खाली बुडाशी तांबूस कोवळा फुटवा. पप्पांनी परत नख मारलं, दुसऱ्या जागी. परत हिरवं.

"आणि फळ नाही दिलं तर?"

"नाही दिलं तर नाही! यंदा तुमच्या कडेच्या दोन ओळीही धरल्या नाहीत, त्या काढल्यात का?"

करवतवाला फस्सकन हसला. पप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग वर सावलीकडे. "ओळीवर आलेली ती एक फांदी तेवढी घे," म्हणाले.

फांदी पडली. पप्पा जाता जाता मला म्हणाले, "त्या कापाला बोर्डो पेस्ट लाव, बुरशी नको. आणि गर्डलिंगची सुरी माझ्याकडे आणून दे."

पेस्ट लावली. सुरी नाही दिली.