तापाचं मशीन आणि घरचे जावई

दुसऱ्या केमोनंतर संभाजीनगरच्या दवाखान्यानं बायकोसाठी तापाचं मशीन दिलं. कपाळासमोर धरायचं, आकडा मोबाइलवर उमटायचा आणि थेट तिकडच्या सिस्टरला दिसायचा. सिस्टरनं बजावलं होतं, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात. ताप शंभराच्या वर गेला तर थांबायचं नाही, निघायचं. आणि घरात गर्दी नको."

पहिलं मी तोंडपाठ केलं. दुसरं देऊळघाटात कोण ऐकतं! रविवारी आठ माणसं भेटायला आली. बायको खाटेवर, ती सगळी भोवती, आणि मधोमध मी, जणू मशीन मीच बनवलं अशा थाटात. एकेकाचं कपाळ मोजून दाखवत सुटलो, आकडे वाचायचं भानच नव्हतं.

पाच मिनिटांत फोन. "ताईंना एकशे एक ताप दिसतोय, लगेच निघा!"

बायकोला मोजलं, अठ्ठ्याण्णव. पुन्हा अठ्ठ्याण्णव! मग सिस्टरला माझा पराक्रम सांगावाच लागला.

"अहो, म्हणजे तापाचा माणूस ताईंजवळ बसलाय! आधी त्याला शोधा!"

सगळ्यांना ओळीत उभं केलं. एक, दोन, तीन... सातवे निघाले माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. घरचे जावई! वडनेरहून आलेले, बायकोच्या उशाशी बसून तिला मोसंबी सोलून देत होते.

"उन्हातून आलो ना बे," ते म्हणाले.

येऊन तास झाला होता, तोही कूलरसमोर. पण जावयाला बाहेर जा म्हणायचं कुणी? माझ्या तोंडून "चहा घेता का?" एवढंच निघालं.

बायकोनं पदर नाकाला लावला. "जवाईबापू, राग नका मानू. मले अजून चार केमो घ्यायच्या हायेत. तुम्ही बाहेर ओट्यावर बसा. अन् तुम्ही हो, ते मशीन इकडे द्या. मघापासून लहान पोरासारखे खेळून राह्यले!"

मेहुणे मोसंबी ठेवून उठले. सोबत आलेल्या बहिणीनं दारापर्यंत त्यांची हजेरी घेतली, "अंग कसकसते म्हणे सकाळपासून, अन् मले आता सांगता?"

पुढचा आठवडा बायको स्वतःच ताप मोजायची आणि मी उंबऱ्याबाहेरून ओरडायचो, "किती?" आठव्या दिवशी बुलढाण्यात रक्त तपासलं. पेशी वाढल्या होत्या! केमो ठरल्या दिवशीच होणार, असं सिस्टरनं कळवलं तेव्हा मी फोन घेऊन अंगणात धावलो, सगळ्या नातेवाइकांना सांगायला.

आतून बायकोचा आवाज आला, "सांगा, हाव! पण भेटाले या म्हणू नका!"